कोल्बियाच्या बायका घरीच असतात

“गेल्या सोमवारपासून रविवारपर्यंत, पैशासाठी किंवा नफ्यासाठी, निदान एक तास तरी काही काम केलंत का?”

हा प्रश्न लमिसीने त्या हंगामात चारशेच्या वर बायकांना विचारला होता. प्रश्न तिचा नव्हता. तो राजधानीतून टॅबमध्ये भरून आला होता आणि तिने फक्त तो देशाच्या उत्तरेकडच्या बोल्गाटांगा, म्हणजे बोल्गा शहराच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन आपल्या फ्राफ्रा बोलीत विचारायचा होता. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे तीस प्रश्न, ‘नाही’ आलं तर चार. सारे ‘हो’ एकत्र करून राजधानीत आकडा निघायचा: शंभर बायकांमागे कामावर किती. देशात रोजगाराची हालत काय आहे ते त्या आकड्यावरून ठरायचं.

पाहणीचं काम तीन महिन्यांचं होतं. लमिसी तिशीची, पॉलिटेक्निकमधून संख्याशास्त्राची पदविका घेतलेली, त्याआधी दोन वर्षं बदली शिक्षिका म्हणून इकडून तिकडे फिरलेली. तिच्या तुकडीत आणखी तिघे होते, तिघेही पुरुष. ते दिवसाला बारा घरं उरकायचे. लमिसीची पाच व्हायची. त्याचं कारण कोल्बिया नावाच्या गावात तिच्या सुपरवायझरच्या, म्हणजे अनाफो साहेबांच्या, नजरेला आलं.

कोल्बियातलं तिचं तिसरं घर अटांगा नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. मातीच्या गोल खोल्यांचा मोठा वाडा, दाराशी गोरखचिंचेचं झाड आणि झाडाखाली गुळगुळीत झालेल्या ओंडक्यावर स्वतः अटांगा. शेजारी त्याचा धाकटा भाऊ अकोल्गो मोडक्या थापीला नवा दांडा बसवत होता. हरमटनची, वाळवंटावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ इतकी होती की दोघांच्याही भुवया पांढऱ्या दिसत होत्या. लमिसीला तुंब्यातून बाजरीच्या पिठाचं पाणी मिळालं, ते पिऊन झालं, ख्यालीखुशाली झाली, मग तिने टॅब काढला.

पुरुषांचं लगेच झालं. अटांगाने आठवड्यात दोन गिनी कोंबड्या विकल्या होत्या. अकोल्गोला गवंडीकाम दोनच दिवस मिळालं होतं. दोघेही कामावर.

“घरात मोठ्या बायका किती, बाबा?”

“सहा.”

“त्यांतल्या कामाला किती जातात?”

“एकही नाही. आमच्या बायका घरीच असतात.”

“मग बोलावता का जरा?”

“घरी नाहीत.”

“कुठे गेल्यात?”

“बाजारात.”

“काय करायला?”

“माझ्या दोघी पितोची दारू विकायला. सुना शियाच्या बियांचं लोणी घेऊन. बाकीच्या असतील टोपल्यांपाशी.”

“म्हणजे काम करतात की, बाबा!”

अटांगाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “पोरी, शिकलेली दिसतेस तू. काम म्हणजे काय, सांग बरं? ज्याला वर साहेब असतो, महिन्याला पगार असतो, आणि ज्यावरून माणसाला काढून टाकता येतं, ते काम. आमच्या बायकांना काढून टाकेल कोण?”

अकोल्गो दांडा ठोकता ठोकता गालात हसला.

नियमाप्रमाणे, बाई घरी नसेल तर घरच्या कर्त्याने तिच्या वतीने सांगितलेलं चालत होतं. सहा वेळा ‘नाही’ दाबून लमिसीला सकाळी आठलाच पुढच्या घरी जाता आलं असतं. तिघे पुरुष सहकारी तसंच करत होते आणि त्यात लबाडी काहीच नव्हती. लमिसीने मात्र घर अर्धवट ठेवलं आणि उन्हं कलल्यावर परत आली.

बायका भेटल्या त्या अटांगाच्या नव्हे, शेजारच्या विधवा तलाताच्या अंगणात. छपराखाली दहाबाराजणी पाय पसरून टोपल्या विणत बसल्या होत्या. भिंतीवर जांभळं, पिवळं, शेंदरी गवत वाळत होतं. कडेला रंगाची कढई उकळत होती. एकेकीला बाजूला घेऊन लमिसीने विचारायला सुरुवात केली. प्रत्येकीचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं. “काम? छे ग, घरीच असते मी.” मग लमिसी म्हणायची, “बरं, काल उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा.” मग लांबलचक यादी निघायची.

अटांगाची भावजय, अकोल्गोची बायको असीबी, सगळ्यांत शेवटी आली. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची, बोलताना हातातलं गवत दातांत धरून चिरायची सवय असलेली.

“शेतात राबलात का, मावशी?”

“राबले ना. सुगीला बाजरी कुणी कापली मग?”

“विकायला की घरी खायला?”

“घरी खायला.”

“मग ते धरायचं नाही. घरच्यापुरतं पिकवलं तर ते नोकरी-धंद्यात येत नाही, अशी नवी व्याख्या आहे.”

असीबीने दातांतलं गवत काढलं. “मग ते काय असतं? खेळ?”

लमिसीला हसू आलं. “आणि टोपल्या?”

“त्या विकायला.” असीबीने छपराकडे नजर टाकली. “हे मी सांगितलेलं जातं कुठे?”

“राजधानीत. नाव काढून टाकतात, आकडा तेवढा राहतो. गावात कुणालाही कळणार नाही. मी शब्द देते.”

“नक्की?”

“नक्की, मावशी.”

मग असीबीने सांगितलं. गावाला वाटायचं की तलाताच्या अंगणातलं गवत दक्षिणेकडच्या कुमासी शहरातल्या कुणा व्यापाऱ्याचं आहे आणि बायका त्याच्यासाठी विणतात. असा व्यापारी कुणी नव्हताच. दक्षिणेतून गवताचा ट्रक मागवायची ती असीबी. रंग तिचे, नमुने तिचे, तयार टोपल्या बोल्गात नेऊन निर्यातवाल्याशी घासाघीस करायची ती. तलाताचं अंगण एवढ्याचसाठी की तिथे पुरुष माणूस नव्हता.

“घरात का नाही ठेवत?”

“तीन वर्षांमागे सासरे गेले. उत्तरकार्याला माझ्या चार शेळ्या कापल्या. मी पाळलेल्या, मी वाढवलेल्या. मला विचारलं? अटांगा भाऊजी म्हणाले, घरातली शेळी ती घराची शेळी. मग म्हटलं, आता जे माझं असेल ते घरात नसेल.”

“तुमच्या हाताखाली मजुरीवर किती जणी आहेत?”

“अकरा.”

टॅबमध्ये त्यासाठी एक वेगळा रकाना होता. इतक्या घरांत लमिसीने तो एकदाही वापरला नव्हता. तिने त्यावर बोट ठेवलं: मालक, पगारी माणसं ठेवणारा. चार दिवसांत कोल्बियातली तिची पंधरा घरं संपली. सत्तेचाळीस बायका, त्यांतल्या त्रेचाळीस कामावर. शेकडा एक्याण्णव.

आजूबाजूच्या गावांचे आकडे चाळिशीच्या आत होते. राजधानीतल्या संगणकाने कोल्बियावर लाल खूण केली आणि अनाफो साहेबांना फेरतपासणीचा हुकूम आला.

अनाफो साहेब वाईट माणूस नव्हते. वीस वर्षं त्यांनी माणसं, गुरं, घरं आणि झाडं मोजली होती, आणि मोजणाऱ्यांच्या साऱ्या लबाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. झाडाखाली बसून फॉर्म भरणारे त्यांनी पाहिले होते, मेलेल्यांच्या मुलाखती घेणारेही पाहिले होते. लमिसी त्यांतली नाही असं त्यांना वाटत होतं. पण वाटणं रकान्यात भरता येत नाही. ते तिला मोटारसायकलवर मागे बसवून कोल्बियाला निघाले.

“साहेब, बायकांना वेगळं काढून विचारा,” वाटेत लमिसी म्हणाली.

“परका पुरुष मी. कुणाच्या बायकोला वेगळं काढू? गावात पाय ठेवू देतील का मला?”

त्यांचंही खरं होतं. अटांगाच्या घरी ते रीतीप्रमाणे झाडाखाली बसले, कर्त्याची परवानगी घेतली आणि सगळ्या बायकांना बोलावलं. सणाला जमावं तसं घर जमलं. पहिलं नाव असीबीचं निघालं. अनाफो साहेबांनी चष्मा लावला आणि टॅबवर जे होतं ते मोठ्याने वाचलं.

“टोपल्यांचा धंदा. स्वतः मालक. हाताखाली अकरा बायका. बरोबर?”

आधीची उत्तरं वाचून दाखवायची नसतात, नव्याने विचारायचं असतं. हे साहेबांनीच तिला शिकवलं होतं. त्या दिवशी ते विसरले, की घाई होती, कुणास ठाऊक.

अटांगा आधी समजला नाही. मग खदखदून हसला. “अकरा बायका? हिच्या हाताखाली? अहो साहेब, हिच्या हाताखाली घरची कोंबडीसुद्धा राहत नाही!”

सगळे हसले. सुना हसल्या, पोरं हसली. अकोल्गो हसला नाही. असीबीने मान खाली घातली. आवाज मात्र थरथरला नाही.

“मी घरीच असते, साहेब. वेळ मिळाला तर एखादी टोपली विणते. शेजारणीला सोबत म्हणून.”

“पैशासाठी नाही?”

“नाही.”

“मग हे कुठून आलं?” साहेब लमिसीकडे वळले.

चाळीस पावलांवर तलाताची भिंत होती. भिंतीवर जांभळं गवत वाळत होतं. नुसतं बोट दाखवायचं, दोन प्रश्न विचारायचे, लमिसी खरी ठरली असती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. फक्त असीबी जमिनीकडे बघत होती.

“माझी चूक,” लमिसी म्हणाली. “चुकीचा रकाना दाबला गेला.”

“आणि अकरा बायका?”

“तीही चूक.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ‘नाही’ दाबलं. त्यानंतर गावाचा आकडा धडाधड कोसळला. असीबी घरी असते म्हटल्यावर तिच्याकडे विणणाऱ्यांना मजुरी द्यायला कुणी उरलंच नाही, आणि कुमासीच्या व्यापाऱ्याचं नाव घ्यावं तर साहेब त्याचा पत्ता विचारणार. एकामागून एक, घरामागून घर, सगळ्या ‘घरीच असणाऱ्या’ निघाल्या. पितोवाल्या आणि बाजारात उघड दुकान मांडणाऱ्या तेवढ्या टिकल्या. सत्तेचाळिसांत अठरा. शेकडा अडतीस.

निघताना लमिसी मोटारसायकलपाशी उभी होती. मागून अकोल्गो आला, हातात तिचं हेल्मेट.

“विसरलीस.”

“उपकार झाले, काका.”

हेल्मेट देता देता तो हलक्या आवाजात म्हणाला, “अकरा नाहीत. चौदा आहेत. तू येऊन गेलीस, त्यानंतर तिघी वाढल्या.” आणि आल्या वाटेने, घाई न करता, परत गेला.

दोघं बोल्गाला परतली. कचेरीत साहेबांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. माहिती भरण्यात अक्षम्य चुका झाल्या, असं तिने लिहून दिलं आणि सही केली.

“तू खोटं बोललीस,” साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. “आधी नाही. आज.”

लमिसीने पिशवीतून टॅब काढून टेबलावर ठेवला.

“मलाही डोळे आहेत. भिंतीवर एवढं गवत होतं, ते काय बकरीला घालायला रंगवतात? पण मी भिंतीला प्रश्न विचारू शकत नाही, लमिसी. बाई माझ्या तोंडावर नाही म्हणाली, मी नाही लिहिलं.”

“तुम्ही ते वाचून दाखवायला नको होतं, साहेब. मी तिला शब्द दिला होता.”

साहेबांनी बराच वेळ घडी घातलेला कागद पुन्हा पुन्हा दाबला. “हो,” ते म्हणाले. “ते चुकलं माझं.” पण ते त्यांनी कुठेही लिहून दिलं नाही. लमिसीचा टॅब त्यांनी परत घेतला. उरलेल्या गावांना तिच्या जागी दुसरा मुलगा गेला, आणि तो दिवसाला तेरा घरं करत असे.

पंधरा दिवसांनी बोल्गाच्या बाजारात असीबीने तिला गाठलं. लमिसीला वाटलं, ही आभार मानायला आली.

“तुझा शब्द चांगला निघाला ग,” असीबी म्हणाली. “राजधानीत जायचा होता ना? झाडाखालीच उतरला.”

“चुकलं, मावशी.”

“भाऊजी चार दिवस तलाताच्या अंगणात येऊन बसत होते. नुसते बसायचे, गवत मोजल्यासारखे. चार दिवस मी पोरींना घरी बसवलं. माल उशिरा गेला. निर्यातवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.”

“आता?”

“आता कंटाळले. बायकांत बसून पुरुष किती दिवस राहणार?” तिने लमिसीला नीट न्याहाळलं. “तू आज इथे कशी? मोजायला नाही गेलीस?”

“काढून टाकलं.”

असीबीने डोक्यावरची टोपल्यांची चळत उतरवली आणि खाली ठेवली. “माझ्यामुळे?”

“माझ्याच सहीने.”

“वेडी आहेस,” असीबी म्हणाली, पण आवाज उतरला होता. पलीकडच्या बाईकडून तिने दोन गरम कोसे, चवळीचे वडे, घेतले आणि एक लमिसीच्या हातावर ठेवला. दोघींनी उभ्या उभ्या खाल्ले. अकोल्गोला सगळं ठाऊक आहे हे लमिसीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. नवऱ्याला बायकोचं गुपित ठाऊक असणं आणि बायकोला ते ठाऊक नसणं, हे त्या घराचं होतं. एकदा त्या घरातलं बाहेर नेऊन तिने पुरेसं नुकसान केलं होतं.

पुढे लमिसीला एका खासगी शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. पाहणीचे निकाल वर्षभराने जाहीर झाले. जिल्ह्याच्या नकाशावर कमी रोजगाराची गावं तांबड्या रंगात होती आणि कोल्बिया त्यात होतं. तो नकाशा राजधानीतल्या एका संस्थेने पाहिला. एवढ्या बायका रिकाम्या बसतात हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी कोल्बियातल्या बायकांसाठी आठ दिवसांचं मोफत प्रशिक्षण ठरवलं. हाताला काही हुन्नर मिळावा म्हणून. विषय निवडला, टोपल्या विणणं.

शिकवायला आलेली मुलगी राजधानीची, अक्राची, मनमिळाऊ आणि कामाची होती. तिला फ्राफ्रा येत नव्हतं, म्हणून दुभाषी हवी होती. शाळेला सुट्टी होती. लमिसी गेली.

अटांगाने पाहुण्यांचं स्वागत केलं. झाडाखाली उभं राहून त्याने छोटं भाषणही ठोकलं. “आमच्या बायकांना काम नाही हो. तुम्ही आलात, फार बरं झालं.” लमिसीने ते जसंच्या तसं भाषांतरित केलं.

पहिल्या रांगेत असीबी बसली होती, मांडीवर हात ठेवून, पहिलीत नाव घातलेल्या पोरीसारखी. शिकवणारीने गवताची काडी उभी धरली आणि ती मधोमध कशी चिरायची ते सावकाश दाखवलं. तिने बोटाच्या नखाने चिरली. काडी वाकडी फाटली.

“त्यांना सांग, पहिल्यांदा जमत नाही, घाबरू नका,” ती लमिसीला म्हणाली.

लमिसीने सांगितलं. चौदाच्या चौदा जणींनी माना डोलावल्या. असीबीने काडी दातांत धरली आणि एका झटक्यात तिचे दोन सारखे धागे केले. मागे कुणीतरी फसकन हसलं. असीबीने वळून डोळे वटारले, हसणं थांबलं.

“अरे वा! या बाईंचा हात चांगला आहे,” शिकवणारी हरखली.

तिसऱ्या दिवशी गवत संपलं. संस्थेने अंदाज कमी बांधला होता. इतकं गवत इथे कुठे मिळेल, शिकवणारीने विचारलं. लमिसीने प्रश्न असीबीपुढे ठेवला.

“मिळेल म्हणावं. ओळखीचा एक व्यापारी आहे, कुमासीचा. रोख घेतो.”

गवत संध्याकाळच्या आत हजर झालं.

आठव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. असीबीचं नाव जाड कागदावर छापलेलं होतं, खाली शिक्का. ते तिने सगळ्यांसमोर अटांगाच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने उलटसुलट करून पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि आपल्या खोलीच्या भिंतीला चिकटवायला सांगितलं. अकोल्गो माती कालवून खिळ्याची जागा बुजवत होता. त्याने लमिसीकडे पाहिलं नाही.

गाडी निघायच्या आधी असीबी लमिसीजवळ आली. “पुन्हा मोजायला येतील ना ते?”

“येतील. प्रशिक्षणाने फरक पडला का ते बघायला.”

“मग आता सांगता येईल.”

“काय?”

“की काम करतो म्हणून. मालकीण आहे म्हणून. राजधानीच्या लोकांनी शिकवलंय, शिक्का मारलाय, कागद भाऊजींच्याच भिंतीवर आहे. शेळ्यांना असा कागद नव्हता.” तिने पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून लमिसीच्या मुठीत घातले. “तूच ये मोजायला.”

“मला नाही घेणार, मावशी. माझी सही आहे त्यांच्याकडे.”

पुढच्या पाहणीसाठी लमिसीने अर्ज केला होता, पण बोलावणं आलं नाही. कोल्बियाला दुसरीच एक मुलगी गेली. त्या वर्षीच्या अहवालात कोल्बिया शेकडा चौऱ्याण्णव होतं आणि आठ दिवसांच्या प्रशिक्षणाने छप्पन्न टक्क्यांची वाढ कशी झाली यावर एक अख्खं पान होतं. राजधानीत त्याची चर्चा झाली. तसंच प्रशिक्षण आणखी वीस गावांत घ्यायचं ठरलं.

हे लमिसीला अनाफो साहेबांनी फोनवर सांगितलं. ते निवृत्तीला आले होते.

“वाचलंस का ते पान?” त्यांनी विचारलं.

“नाही अजून.”

“तुझा एक्याण्णव खरा होता.”

“होता, साहेब.”

साहेबांनी तिच्या आईची तब्येत विचारली, शाळा कशी चालली आहे विचारलं, आणि या खेपेला नव्या मोजणाऱ्यांत निम्म्या मुली घ्यायला लावल्या आहेत, तेवढं सांगून फोन ठेवला. मधली सुट्टी संपली होती. लमिसीने खडू उचलला आणि सहावीच्या वर्गावर गेली. त्या दिवशी शेकडेवारीच शिकवायची होती.